प्लाय मिळेना! वॉर्डरोब अर्धवट, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर, पर्याय काय आहेत?

शिरोड्याची_बाय
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार घरी सुतारकाम करते, शिकतेय म्हणा. सध्या बेडरूमचा वॉर्डरोब काढलाय, ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल, तीन कप्पे, तीन दारं. हिशोब केला तेव्हा १८ मिमीच्या पाच शीट आणि पाठीला ६ मिमीच्या दोन लागतील असं निघालं. आता फोंडा झालं, मडगाव झालं, कोणाकडे १२ मिमी आहे तर १८ नाही, कोणाकडे १८ आहे पण फक्त सगळ्यात महागातलं मरीन, आणि एक जण म्हणतो मंगळवारी गाडी येणार, तो मंगळवार काही उजाडत नाही. वर चवथीला मखर नवीन करायचंय आणि माटोळीची (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतो ती) चौकट पण यंदा वाळवीने खाल्लीय ती बदलायचीय. घर जुनं आहे, चिऱ्यांच्या भिंती, पावसात मागच्या भिंतीला ओल येते. शेजारचे सांगतात सरळ पीव्हीसी घाला, पाण्याचा प्रश्नच मिटला. घालू का? की थांबू?

पावसाळी_बेडूक
तो मंगळवार आमच्या म्हापशात पण आला नाही अजून हाहाहा

प्लायवाला_बार्देस
दुकानदार आहे म्हणून शिव्या खायच्या आधी दोन शब्द बोलतो. आमच्याकडे येणारा बहुतेक माल केरळातल्या पेरुंबावूरचा नाहीतर हरियाणातल्या यमुनानगरचा. पेरुंबावूरला रबरवुड आणि हार्डवुड, यमुनानगरला पॉप्लर आणि सफेदा म्हणजे निलगिरी. ही झाडं शेतकरी शेतात लावतो, जंगलातली नव्हेत, त्यामुळे एक-दोन वर्षं भाव पडला की लावणी कमी होते आणि त्याचा फटका बसतो चार-पाच वर्षांनी, झाड तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच ना. वरच्या पापुद्र्याच्या गर्जन लाकडाचं तर विचारूच नका, म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हापासून खरं गर्जन दुर्मिळच, हल्ली वरचा पापुद्रा बहुतेक ओकुमे लाकडाचा असतो.

आणि २०२५ च्या सुरुवातीपासून प्लायला आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नियम चांगलाच आहे, पण ज्या छोट्या गिरण्यांकडे लायसन्स नव्हतं त्यांचा स्वस्तातला माल बाजारातून गेला, तोच माल इथे सगळ्यात जास्त खपायचा. त्यात पावसाळा, घाटात कुठे दरड आली की अवजड गाड्या बंद. आणि खरं सांगायचं तर जून ते सप्टेंबर आम्हीच स्टॉक कमी ठेवतो, गोडाऊनमध्ये ओल धरून शीट वाकडी झाली तर ती गिऱ्हाईक घेत नाही आणि कंपनीही परत घेत नाही.

एक सावधगिरी. टंचाईत खोटे शिक्के जास्त फिरतात. शीटवर आयएसआयच्या खाली सीएम/एल नंबर (गिरणीचा लायसन्स नंबर) असतो, तो मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, गिरणीचं नाव जुळलं पाहिजे. आयएस ३०३ म्हणजे नेहमीचं, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणारा) दोन ग्रेड, आयएस ७१० म्हणजे मरीन. एमआरला लोक वॉटरप्रूफ समजतात, तो फक्त दमट हवा सोसतो, पाणी नव्हे. बेडरूमच्या वॉर्डरोबला ७१० ची गरज नाही, बीडब्ल्यूआर पुरे.

रंधा_पटाशी
बाय, थांबू नकोस आणि पीव्हीसी पण सरसकट घालू नकोस. "प्लायच्या जागी काय" हा प्रश्नच जरा मोडून बघ. वॉर्डरोब ही एक वस्तू नाही, त्यात उभ्या बाजू आहेत, तळ-माथा आहे, फळ्या आहेत, दारं आहेत, पाठ आहे, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. प्लाय खरं लागतं ते रुंद, सपाट, न हलणारा तुकडा हवा तिथे. बाकी ठिकाणी आपण प्लाय घालतो कारण हाताशी असतं म्हणून.

तुझा हिशोब मांडतो. दोन बाजू आणि मधल्या दोन आडभिंती, चार उभे तुकडे ७ बाय २ चे. ८ बाय ४ ची शीट लांबीत मधोमध फाडली की २ फुटाच्या दोन पट्ट्या (करवतीची ३ मिमी जाते ती धर). म्हणजे चार उभ्यांना दोन शीट. तळ आणि माथा ६ बाय २ चे, तिसरी शीट. संपलं. तीन शीटमध्ये सांगाडा उभा. शिवाय तळ-माथ्यातून २ बाय २ चे दोन तुकडे उरतात, तुझ्या कप्प्याची आतली रुंदी साधारण २३ इंच येईल, त्यात त्या फळ्या बसतात. उभ्यांतून १ बाय २ चे चार उरतात ते ड्रॉवरला.

पाचमधल्या दोन शीट मुख्यतः दारांना आणि उरलेल्या फळ्यांना जात होत्या. ती दारं प्लायची कशाला हवीत? आपल्या जुन्या घरातली कपाटं बघ, शंभर वर्षांची दारं आहेत आणि तेव्हा प्लाय कुठलं. चौकट करायची, आत खाच मारायची, खाचेत पातळ फळी सुटी बसवायची. लाकूड पावसात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळीला खाचेत दोन्ही बाजूला २-३ मिमी मोकळी जागा सोडायची आणि गोंद अजिबात लावायचा नाही, गोंद फक्त चौकटीच्या कोपऱ्यांना, तिथे खाच आणि कूस (खाचेत घुसणारी जीभ) करायची. फळी आत फुगेल, आकसेल, दार तेवढंच राहील. अख्ख्या रुंद फळीचं दार केलंस तर जुलैत अडकेल आणि फेब्रुवारीत फट दिसेल.

इंटिरियर_पर्वरी
काका सगळं बरोबर पण फ्रेम-पॅनेलची तीन दारं एका नवशिक्या बाईला चवथीच्या आधी? माझ्या साइटवर मेस्त (सुतार) लोक सुद्धा आता ते करायला तयार नसतात, रोजचा पगार बघता दार महाग पडतं. मी सरळ सांगते, माझ्या कामात हल्ली काय वापरते ते.

पीव्हीसी/डब्ल्यूपीसी (प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाचा) बोर्ड: बाथरूमचं व्हॅनिटी, सिंकखालचं कपाट, बस. पाण्याला, वाळवीला एकदम छान, पण स्क्रू धरत नाही, बिजागरी दोन-तीनदा काढून लावली की भोक मोठं होतं. आणि उष्णतेने वाढतं, ७ फुटाचं दार दुपारच्या उन्हात दोन-अडीच मिमी लांब होऊ शकतं, शिवाय उंच दार हळूहळू धनुष्यासारखं वाकतं. ताईंच्या शेजाऱ्यांना सांगा वॉर्डरोबच्या ७ फुटी दाराला नको.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड): रंगकाम सुंदर होतं, राउटर छान चालतो, पण आपल्या हवेत कडा उघडी राहिली की पाव भिजल्यासारखी फुगते आणि ती परत बसत नाही. जड पण आहे, १८ मिमीची अख्खी शीट ४० किलोच्या आसपास.

एचडीएचएमआर: हे एमडीएफचंच घट्ट भावंड, दमट हवेला बरंच टिकतं, स्क्रू पण धरतं जर आधी बरोबर मापाचं भोक पाडलं तर. पण आणखी जड, एकटीने उचलू नका. मडगावला सध्या मिळतंय. दारांना मी हेच सांगेन. एक लक्षात ठेवा, सनमायका लावणार तर दोन्ही बाजूंनी, आत निदान पातळ बॅलन्सिंग लॅमिनेट तरी. एका बाजूला लावून सोडलं की कुठलंही दार वाकणारच, प्लाय असो की काही असो.

पार्टिकल बोर्ड: नको. भाड्याच्या फ्लॅटला ठीक.

रंधा_पटाशी
मेस्त तयार नसतात कारण त्यांना कोणी सांगत नाही. तीन दारांच्या सहा उभ्या पट्ट्या आणि नऊ आडव्या, एवढंच काम आहे. कूस कापायला जमत नसेल तर डॉवेल (लाकडी गोल खुंटी) घाल, किंवा टेबल सॉ असेल तर खाचेतच बसणारी छोटी कूस, पातळ पॅनेलच्या दाराला तेवढी चालते. आणि चवथीच्या आधी दारं झालीच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? सांगाडा उभा कर, पडदा लाव, दारं दिवाळीला.

एचडीएचएमआरला माझा विरोध नाही. पण ७ फुटी जड दार आणि तीन बिजागऱ्या, ते पाच वर्षांत खाली येतं. चार-पाच बिजागऱ्या लाव मग.

शिरोड्याची_बाय
काका, पर्वरी ताई, दोघांचेही आभार, मला तर दिवाळीचा पर्याय आवडला. पण मग दारांना लाकूड कुठलं? आणि कुठून? साग परवडणार नाही. आमच्या भाटात (बागायतीत) एक फणस वादळात आडवा झालेला पडून आहे, तो चालेल का?

मेस्ताचो_पूत
फणस? सोन्यासारखं लाकूड आहे बाय! पयलीं सांगतां, ताजं कापून लगेच वापरू नका. जुना हिशोब असा की इंचभर जाडीला एक वर्ष सावलीत वाळवायचं, फळ्यांच्या मध्ये रिपा ठेवून, टोकांना रंग किंवा मेण फासून, नाहीतर टोकाकडून चिरते. तेव्हा तुमचा फणस पुढच्या वर्षीच्या कामाला. आणि पडलेलं असलं तरी कापून नेण्याआधी वन खात्याच्या ऑफिसात विचारा, आपल्याकडे १९८४ चा झाडं राखण्याचा कायदा आहे, तो खाजगी भाटातल्या झाडांनाही लागू. सॉ मिलवाला पण कागद मागतो.

आमच्या बापायच्या वर्कशॉपात जी लाकडं चालायची ती सांगतो. पॅनेलला शिवण, हलकी, रंध्याला मऊ, सहसा वाकत नाही. चौकटीला फणस किंवा जांभा, जांभा भारी कठीण, पटाशी परत परत घासावी लागते. किंदळ मध्यम, स्वस्त. माट्टी म्हणजे ऐन, ते तुळयांना, दाराच्या चौकटीला उत्तम, पण फर्निचरला हात मोडतात, आणि वाळताना चिरतं. आकेशिया पण मिळतो, वन खात्याने मागे भरपूर लावलेला, वाळलेला मिळाला तर दिसायला शिसवीच्या जवळ जातो. घनफुटात घेता तेव्हा वाया किती जातं ते धरा, ओबडधोबड फळीतून रंधून चौकोनी काढेपर्यंत तिसरा हिस्सा सहज भुशात जातो.

पावसाळी_बेडूक
माड राहिला की! की माड झाड नाही? २०१६ मध्ये सरकारने त्याला कायद्यातल्या झाडांतून काढलेलं आणि बोंबाबोंब झाल्यावर परत घातलेलं, आठवतंय ना सगळ्यांना

मेस्ताचो_पूत
माड झाडच आहे हां. पण त्याचं लाकूड बाहेरून कठीण आणि आतून भुसभुशीत, जुन्या माडाचा बाहेरचाच भाग घ्यायचा. वासे, पाय, हँडल करायला ठीक. करवतीची धार खातो.

साखळीकर
वाळवलेलं लाकूड आत्ताच हवं असेल तर जुन्या घरांचं घ्या. सत्तरी, डिचोली, सगळीकडे कौलारू घरं पाडून स्लॅब घालतायत, वासे, रिपा, माळ्याच्या फळ्या लोक अक्षरशः सरपणाला देतात. पन्नास वर्षं घरात राहिलेलं लाकूड, त्याला आणखी वाळवायचं काय. फक्त तीन गोष्टी. भिंतीत गेलेलं टोक हातभर कापून टाका, तिथे कुज असते. खिळे एकेक करून काढा आणि मशीनला घालण्याआधी लोहचुंबक फिरवा, माझ्या ओळखीच्या मिलवाल्याने जुनं लाकूड कापायलाच नकार दिलाय पाती जातात म्हणून. आणि वजनाला हलकं लागलं, टोचून बघितल्यावर भुसा आला तर कितीही सुंदर दिसो, घरात आणू नका, कीड अख्ख्या घरात पसरते.

मखरासाठी पॅलेट बघा. वेर्णा, कुंडई, बेतोडा, औद्योगिक वसाहतींत भंगारवाल्यांकडे पाइनची पॅलेट्स पडलेली असतात. परदेशातून आलेल्यावर शिक्का असतो, एचटी म्हणजे तापवून कीडमुक्त केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते देवाच्या कामाला काय, घरातल्या कुठल्याच कामाला नको. आणि ज्यावर केमिकल सांडल्याचे डाग असतील ते पण नको, वेर्ण्याला औषध कंपन्या आहेत, पॅलेटवर काय ठेवलेलं होतं देव जाणे.

शिरोड्याची_बाय
अरे वा, पॅलेटचं डोक्यातच नव्हतं. माटोळीला पण पॅलेटच्या पट्ट्या चालतील?

मेस्ताचो_पूत
माटोळीला नको बाय! तिला नारळाचे घोस, सुपारीची कातरी, तोरींगां, भोपळा, सगळं टांगणार, पाइनला गाठी असतात तिथे मोडली तर गणपतीच्या डोक्यावरच. माडीच्या रिपा करा ना, सुपारीचं जुनं झाड उभं चिरून. आमच्याकडे पूर्वीपासून तेच. कोपऱ्यांना खिळ्यापेक्षा सुंभ बांधा, दरवर्षी सोडून ठेवता येते. आणि टांगायची ती माळ्याच्या तुळईला, खिट्टी मारलेल्या रिपेला नव्हे.

इंटिरियर_पर्वरी
मखराला प्लाय हवंच कशाला तसं. पॅलेटची चौकट, बांबूच्या चटया, कापड. दरवर्षी सुटं करून माळ्यावर टाकता येईल असं नट-बोल्टवर करा, थर्माकोल तर नकोच. चौरंग मात्र भक्कम लाकडाचा करा, मूर्ती मातीची असेल तर वजन बरंच असतं.

शिरोड्याची_बाय
मूर्ती मातीचीच. बरं, दोन प्रश्न राहिले. आतल्या बाकीच्या फळ्या कशाच्या करू, आणि ओलीच्या भिंतीकडची पाठ? तिथे ६ मिमी प्लाय आधीच्या कपाटाचं काळं पडून पापुद्रे सुटलेलं.

प्लायवाला_बार्देस
फळ्यांना रबरवुडचे जोडबोर्ड घ्या, बोटांसारखे दाते एकमेकांत अडकवून चिकटवलेले असतात ते. केरळातून येतात, सध्या प्लायपेक्षा सहज मिळतात. घेताना ट्रीट केलेले आहेत का विचारा, कच्च्या रबरवुडला बुरशी आणि भोकं पाडणारी कीड फार लवकर लागते. वॉर्डरोबच्या आत चालेल, पाण्याजवळ नको. ब्लॉकबोर्ड पण आहे माझ्याकडे थोडा, १९ मिमी, लांब फळीला प्लायपेक्षा कमी वाकतो, पण आतल्या पट्ट्या फळीच्या लांबीत येतील असा कापायचा, उलटा कापला तर काही उपयोग नाही.

रंधा_पटाशी
२३ इंचाच्या कप्प्याला वाकण्याची भीतीच नाही, काहीही घाल. फळी वाकते ती लांबीमुळे, तेवढंच वजन ठेवून लांबी दुप्पट केलीस तर बाक आठपट होतो. उलट जाडी १८ वरून २५ केली तर कडकपणा अडीच पटीच्या वर जातो. म्हणून तीन फुटी फळीला महाग माल शोधण्यापेक्षा मध्ये एक आधार दे किंवा पुढच्या कडेखाली दीड इंचाची पट्टी उभी चिकटव.

पाठीचं म्हणशील तर ओल आली की प्लायचा दोष नसतो, हवेला जागा नसते. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेव, खाली चार इंचाचे पाय दे, आणि पाठ बंद करूच नकोस. आडव्या रिपा मार, मध्ये बोटभर फट ठेवून. मात्र एक गोष्ट, बंद पाठ कपाटाला चौकोनात धरून ठेवते, ती काढली की दारं उघडताना सांगाडा डुलतो. म्हणून रिपांच्या मागून दोन तिरक्या पट्ट्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नाहीतर वरच्या बाजूला भिंतीला दोन ब्रॅकेट. धुळीची काळजी असेल तर रिपांवर आतून सुती कापड ताण.

साखळीकर
सिमेंट फायबरची शीट पण चालते पाठीला, ओल लागत नाही, वाळवी लागत नाही. जड आहे आणि कडेला खिळा मारला तर तुकडा उडतो, भोक पाडूनच स्क्रू. पण काकांच्या रिपा जास्त बऱ्या.

मेस्ताचो_पूत
पायांना आणि मागच्या रिपांना काजूच्या टरफलाचं तेल फासा, होड्यांना लावतात ते. वाळवी जवळ येत नाही. हातात ग्लोव्हज घाला मात्र, कातडी भाजते, आणि आतल्या बाजूला लावू नका, कपड्यांना डाग आणि वास. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन हात मारा, वाळू द्या, मग पॉलिश. ते पाण्याने धुऊन जातं म्हणून फक्त घरातल्या कामाला.

नवोदित_वास्को
मधेच विचारतो, मला ७१० म्हणून विकलेलं प्लाय संशयास्पद वाटतंय, घरी तपासता येतं का?

प्लायवाला_बार्देस
तुकडा कापून उकळा. ७१० ला मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे, घरी तेवढा गॅस कोण जाळणार, पण संध्याकाळभर भांड्यात उकळा, पापुद्रे सुटले तर ते मरीन नव्हे एवढं नक्की. सुटले नाहीत म्हणून मरीन आहे असंही नाही. कडा बघा, आतले थर सलग आहेत का मध्ये पोकळ्या आहेत. बोटाने वाजवत जा, पोकळ आवाज येतो. आणि बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची तक्रार कुठेच घेत नाहीत.

शिरोड्याची_बाय
ठरलं मग. सांगाड्याला बीडब्ल्यूआरच्या तीनच शीट शोधते, फळ्या रबरवुड, पाठीला रिपा, दारं दिवाळीला जुन्या लाकडाची. साखळीकर, तुमच्या बाजूला माळ्याच्या फळ्या कोणी काढत असेल तर व्यनि करा. एकच शेवटचं, फ्रेम-पॅनेलच्या दाराला ती आतून लागणारी कपवाली बिजागरी बसते का?

रंधा_पटाशी
बसते. कप ३५ मिमीचा असतो आणि साधारण १२ मिमी खोल जातो, म्हणजे चौकटीची जाडी १८-२० हवी आणि उभी पट्टी निदान अडीच इंच रुंद, नाहीतर कप खाचेत घुसतो. आधी पट्टीचाच एक तुकडा घेऊन त्यावर भोक पाडून बघ. मला विचारशील तर जुन्या लाकडाच्या दाराला पितळी बिजागरी लाव, पणजीच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानांत चार इंची अजून मिळते, स्क्रू पण पितळीच घे, लोखंडी आपल्या हवेत गंजून डोकं तुटतं.